भावाला पान लागलं

आमच्या सासरी दिवेलागण झाली की साप हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. सापाला म्हणायचं लांबडं आणि विंचवाला वाकडं. नाव घेतलं की ते येतं, असा सगळ्यांचा पक्का समज. मी लग्न होऊन आले तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आल्या आल्या एका संध्याकाळी चुलीपाशी बसून मी मोठ्या उत्साहानं माहेरच्या विहिरीत निघालेल्या नागाची गोष्ट सुरू केली, तर सासूबाईंनी भाकरी थापता थापता पिठाचा हात माझ्या तोंडावर ठेवला. "नाव घिऊ नको, बाई. ते बोलावल्याबिगर येतेत, त्यात आनखी आवतन कशाला?" आणि चावला, तरी चावला म्हणायचं नाही. पान लागलं म्हणायचं. ते मात्र आमच्या माहेरीही होतं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात. घर म्हणजे त्या, माझे यजमान आणि मी. गाव भोकरदन तालुक्यात, धावड्याच्या अंगाला, तेव्हाच्या निजामाच्या मुलखात. माहेर वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजांच्या. सकाळी बैलगाडी जुंपली की दिवस मावळायच्या आत पोचावं एवढंच अंतर, पण मधे करोडगिरीचा नाका होता आणि जकात घेणारे तिथले शिपाई पोतीच काय, नवरीचं गाठोडंही सोडून बघत. माहेरची जमीन काळी, पाऊल रुतेल अशी. सासरी सगळा मुरूम आणि धोंडे. घर गावापासून सुटं, माळाच्या कडेला. दगडाच्या भिंती, वर तुळया आणि त्यावर पांढऱ्या मातीचं माळवद. उन्हाळ्यात चटके बसायला लागले की माळावरचं झाडून सगळं गार जागा शोधत आमच्याकडं मुक्कामाला येई. यजमान म्हणत, "घर आपलं न्हाई, त्येंचं हाय. आपुन नुस्ती राखन करून राह्यलो."

त्या घरात राहायची एक शिस्त होती. वाकळ झटकल्याशिवाय अंथरायची नाही. वहाण उपडी करून आपटल्याशिवाय पायात घालायची नाही. गोवरी आधी पायानं हलवायची, मग उचलायची. मडक्यात हात घालण्याआधी त्यावर टकटक करायची, कुणाच्या दारावर करतो तशी. पाण्याच्या रांजणाच्या बुडाशी ओल असे, तिथं उन्हाळाभर एक धामण येऊन पडायची. आत्याबाई लोट्यानं रांजणावर आवाज करत आणि म्हणत, "सरक गं बाई, पोरीला पानी घिऊ दे." ती सरकायचीही. मी मात्र तिच्या भीतीनं कितीतरी दुपारी तहान मारून बसले.

कोळ्यांचं तर राज्यच होतं. माझी आई झाडणी घेऊन घराचा कोपरान् कोपरा लख्ख ठेवणारी. तिच्या हाताखाली वाढलेली मी, आल्याबरोबर स्वयंपाकघरातली जाळी काढायला उभी राहिले. आत्याबाईंनी झाडणी काढून घेतली. "आपला दवाखाना हाय तो," म्हणाल्या. भिंतीवर रुपयाएवढं पांढरं, कागदासारखं कोळ्याचं घरटं चिकटलेलं असतं. विळी लागून बोट कापलं की ते अलगद काढून जखमेवर लावायचं, रक्त थांबतं. पुढं माहेरी गेल्यावर मी हे आईला सांगितलं, तर ती कपाळावर हात मारून म्हणाली, "म्हंजे माही पोरगी आता कोयी पाळते?" आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. वऱ्हाडात कोळ्याला कोयीच म्हणतात. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

विंचवाची आणि माझी पहिली गाठ गोवऱ्यांच्या ढिगात पडली. घाईत पायानं हलवायचं विसरले आणि करंगळीला आग लागली. दंडापर्यंत चढणारी ती कळ ज्याची त्यालाच माहीत. आत्याबाईंनी चिंचोका सहाणेवर घासला आणि गरम झाला तसा चावल्या जागी चिकटवला. तो विष ओढतो, आणि विष असेपर्यंत सुटत नाही, असं म्हणतात. शेजारच्या बायका दारात जमल्या होत्या आणि मी ओठ दाताखाली धरून बसले होते. सासरी रडायचं नाही, एवढं एक शिकवून आईनं धाडलं होतं. तर आत्याबाई म्हणाल्या, "रड की. मोठ्यानं रड. माहेरासाठी रडलीस तं लोक सासूला नावं ठिवतेत. इच्चवासाठी रडलेलं कुनी मनावर घेत न्हाई."

मग मी रडले. आई गं, आई गं करत अशी रडले की बायकांना वाटलं, विंचू भलताच थोर असणार. लग्नाच्या मांडवापासून साठलेलं सगळं त्या करंगळीच्या नावावर रडून घेतलं.

पुढं मला त्याची चटकच लागली म्हणा ना. एकदा भरदुपारी आईच्या आठवणीनं जीव असा कासावीस झाला की मी बोट धरून ओरडले, चावला, चावला. आत्याबाईंनी बोट उलटंसुलटं करून बघितलं. साधा ओरखडाही नव्हता. त्यांनी चिंचोका घासला आणि बोटावर ठेवला. विष नसलं की चिंचोका चिकटत नाही, गळून पडतो, हे मला माहीत होतं आणि त्यांना तर होतंच. माझं रडणं संपेपर्यंत त्यांनी तो आपल्या अंगठ्यानं दाबून धरला.

आता मी जालन्यात धाकट्या मुलाकडं राहते. एमआयडीसीच्या बाजूला सिमेंटचं घर, फरशी अशी गुळगुळीत की मुंगीनंही जपून चालावं. मधूनमधून पाठीवर टाकी अडकवलेला एक माणूस येतो आणि कोपऱ्याकोपऱ्यात औषध फवारून जातो. मी अजून गादी झटकते. सून म्हणते, "आई, इथं काय असणार?" जित्याची खोड, दुसरं काय. इथं काही नाही हे मलाही दिसतं, आणि त्याचंच मला वाईट वाटतं. ज्या घराला मी उठताबसता वारूळ म्हणून शिव्या दिल्या, त्या घरासाठी आता जीव तुटतो. रांजणाखालचा गारवा आठवतो, माळवदातून पडणारी माती आठवते आणि लोट्याचा तो टणटण आवाज आठवतो.

पण तेव्हा जीव तुटायचा तो माहेरासाठी. नागपंचमीला मुराळी येतो, म्हणजे सासुरवाशिणीला माहेरी न्यायला तिचा भाऊ येतो. माझा दादा न चुकता यायचा. पंचमीच्या आदल्या दिवशी भावाचा उपास, आणि पंचमीला वारुळाला लाह्या-दूध, कारण नाग बायकांचा भाऊ. त्या दिवशी घरात काही चिरायचं नाही, तवा चुलीवर चढवायचा नाही, जमिनीत कुदळ घालायची नाही. न जाणो, खाली कुणाचा भाऊ असला तर! आम्ही हे हसत हसत पाळायचो, पण पाळायचो.

मग इंग्रज गेले. तिकडं स्वराज्य झालं आणि इकडं निजामाचंच राहिलं. सरहद्दीवरच्या मारामाऱ्यांच्या, जाळपोळीच्या बातम्या यायला लागल्या. वाटा बंद झाल्या. एका दिवसाच्या वाटेवरचं माहेर एकदम लंकेइतकं लांब गेलं. संक्रांत गेली, शिमगा गेला, माहेरचं कुणी आलं नाही की गेलं नाही. निरोप मिळालाच तर तो बांगडीवाल्या चाचीकडून. चाची मुसलमान, घरात उर्दू, पण गावोगाव फिरून बोली आमचीच झालेली. बाजारात चोरवाटेनं आलेलं वऱ्हाडचं कुणी भेटलं की ती चार घरांचे निरोप घेऊन यायची. माझ्यासाठी मुद्दाम विचारायची, कारण तिचीही एक लेक सरहद्दीपलीकडं दिलेली होती.

उन्हाळ्यात एका सकाळी चाची आली आणि टोपलं न सोडता ओट्यावर बसली. "बेटी, आज बांगड्या न्हाई भरत," ती म्हणाली. "बाजारात तुमच्याकडला मानूस भेटल्ता. तुमच्या भावाला पान लागलं म्हने."

"मंग?" आत्याबाईंनी विचारलं.

"मंगचं त्याला बी मालूम न्हाई. कुनीतरी त्याला सांगितलं, त्यानं मला. बस, एवढंच. पान लागलं." आणि ती पदरानं डोळे पुसायला लागली.

मेला, असं कुणी म्हटलं नव्हतं. पण वाचलेल्याचा निरोप असा जीव धोक्यात घालून कुणी धाडतं का? पान लागून माणूस उठून बसला तर कोण कशाला कळवील? मी तिथंच मनाशी समजून चुकले. आणि मला जो राग आला, तो दुःखाच्याही आधी आला. कोपऱ्यातली काठी उचलली आणि थेट रांजणाकडं गेले. आज त्या धामणीला ठेवायचं नाही. डोळ्यांपुढं काही दिसत नव्हतं. काठी हाणली ती रांजणावर बसली आणि रांजण फुटला. भर उन्हाळ्यात, डोक्यावरून आणलेलं सगळं पाणी घरभर झालं. धामण केव्हाच गेली होती. आत्याबाईंनी माझ्या हातातली काठी घेतली. "आगं, तिनं तुझ्या भावाला बघितलं बी न्हाई," म्हणाल्या आणि घागर घेऊन विहिरीकडं चालू लागल्या.

यजमान म्हणाले, मी वऱ्हाडात जाऊन बघून येतो. आत्याबाईंनी जाऊ दिलं नाही. "एकाची खबर लागत न्हाई, आन् दुसऱ्याची लागू नये असं करून ठिवतो का?" त्यांचं खरं होतं. रोज कुठून ना कुठून काही ऐकू येतच होतं. मग मी तशीच राहिले. भाऊ आहे म्हणून हसावं, तर तेही नाही. गेला म्हणून मोकळं रडावं, तर आत्याबाई रडू देत नव्हत्या. "खबर आली, मानूस न्हाई आला. खबरीवर सुतक धरत न्हाईत." मला मात्र दादा दिसायचा तो बांधावर पडलेला, आणि आई त्याच्या उशाशी बसलेली. हे तू कसं सोसतेस गं, असं मी तिला मनातल्या मनात विचारत असे.

पंचमी आली. मुराळी आला नाही. आदल्या दिवशी मी सकाळी उठून मुद्दाम चुलीपाशी बसले आणि शिळी भाकरी खाल्ली. आत्याबाई बघत होत्या. "उपास न्हाई धरला?"

"कुणासाठी धरू? आणि ज्यानं माझा भाऊ खाल्ला त्याला उद्या दूध पाजू?" असं सासूला बोलायची तेव्हा रीत नव्हती, पण बोलले.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "माझा भाऊ कवाच गेला. माझा उपास रिकामाच पडलेला हाय. तुझ्या भावाला देते." आणि त्या म्हाताऱ्या बाईनं दिवसभर तोंडात पाणीही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर गंधानं नाग काढायचा मान सुनेचा. मी हात लावला नाही, तर त्यांनी स्वतः काढला. डोळ्यांनी कमी दिसायचं, हातही थरथरायचा. नाग कसला, गांडूळ निघालं. तरी त्याला लाह्या वाहिल्या, वारुळावर दूध घालून आल्या. बाहेर बायका फेर धरून गात होत्या आणि मी आत भिंतीकडं तोंड करून पडले होते. माहेरची एवढी आठवण मला जन्मात कधी आली नसेल. आईच्या मांडीवर डोकं ठेवून दादासाठी एकदा पोटभर रडून घ्यावं, एवढीच इच्छा होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत हिंदुस्थानची फौज आली. आमच्याकडं सगळे त्याला ॲक्शनच म्हणतात. निजामाचं राज्य गेलं, नाका उठला, वाटा हळूहळू मोकळ्या झाल्या.

दिवाळीच्या सुमाराला मी दार सारवत होते. माळाच्या वाटेनं एक माणूस डोक्यावर टोपलं घेऊन येताना दिसला. टोपल्यावर ओलं फडकं. चाल ओळखीची वाटली, पण मन म्हणालं, बघू नको, फसशील. तो अगदी पुढ्यात येऊन उभा राहिला तरी मी शेणाचे हात तसेच धरून बसलेली.

"काहून अशी पाह्यतं व बाई? भूत पाह्यलं काय?"

दादा होता. मी त्याचे पाय धरले. नमस्काराला नव्हे, मी त्याच्या घोट्यांवर दातांच्या खुणा शोधत होते. सगळे पाय शेणानं भरवले. "कुठं लागलं? कोणत्या पायाला लागलं?"

"काय लागलं?"

"पान!"

त्यानं टोपलं खाली ठेवलं आणि वरचं फडकं ओढलं. टोपलंभर हिरवीगार विड्याची पानं. "हे काय, लागलं ना! आधी दोनदा जयून गेलं, तिसऱ्या बारीले लागलं."

आमच्या घराण्यात कापसाशिवाय कुणी काही केलं नव्हतं. वाटा बंद झाल्यावर दादानं विहिरीखालच्या तुकड्यात पानमळा घातला, शेवरीच्या सावलीत वेल चढवले. आणि अखेर वेलांनी जीव धरला तेव्हा त्यानं आनंदानं निरोप धाडला होता: बहिणीला सांगा, भावाचं पान लागलं. या तोंडातून त्या तोंडात येता येता 'भावाचं'चं 'भावाला' झालं. एवढ्याशा फरकानं मी माझा धडधाकट भाऊ मारून टाकला होता.

सगळं घर हसायला लागलं. यजमानांनी ओट्यावर बसून एकामागून एक विडे खाल्ले. आत्याबाईंनी दादाच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बघ, माझा उपास कसा बराबर पोचला." चाचीला हे सांगावं असं फार वाटत होतं. पण ॲक्शनच्या धामधुमीत तिचं बिऱ्हाड कुठं गेलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी बाजारात कितीजणींना विचारलं.

मी गोडाधोडाचा स्वयंपाक केला. दादा जेवायला बसला. मी वाढत होते, बडबडत होते, मधेच हसत होते, आणि तो माझ्याकडं जरा विचित्र बघत होता. मला वाटलं, दमला असेल. आत्याबाई त्याच्यासमोर बसून म्हणाल्या, "आन् इहीनबाई कशा हायेत? लेकीसाठी लई झुरल्या असतील."

दादानं उचललेला घास ताटात ठेवला. "तो निरोप न्हाई भेटला काय तुमाले, मावशी?"

"कोनता?"

"आई संक्रांतीलेच गेली. ताप आला न् गेली. तो निरोप मी आधी धाडला होता. पानाचा मंग धाडला." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "मले वाटलं, तुले माहीत हाय. सासरच्याईसमोर धीर धरून हासू राह्यली."

संक्रांतीला मी तीळगूळ वाटला होता. उन्हाळ्यात मी दादासाठी रांजण फोडला तेव्हा आई केव्हाच गेलेली होती. पंचमीला जिच्या मांडीवर डोकं ठेवायला जीव धावत होता, ती नव्हतीच. दोन निरोप निघाले होते. एक पोचलाच नाही आणि दुसरा पोचला तो मोडून. जो जिवंत होता त्याला मी रडले होते, आणि जी गेली होती तिला, तू कसं सोसतेस गं, म्हणून विचारत होते.

आत्याबाईंनी मला न्हाणीत नेलं आणि डोक्यावरून पाणी घातलं. त्या काही बोलत होत्या, मला ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दादा निघाला. दाराशी उभा राहून म्हणाला, "चाल बाई, घरी."

मी म्हणाले, "कुणाकडं?"

त्याचा चेहरा एवढासा झाला. "मी हाय ना व," तो म्हणाला.

आणि तो होता. उन्हाळ्यापासून मी दुसरं काही मागितलंच नव्हतं. उठताबसता एकच, दादा असू दे. आईसाठी काही मागायचं माझ्या मनातही आलं नाही. ती आहेच, असं मी धरून चालले होते.